दुसरीतलं कर्सिव्ह: एका शाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

ही शाळा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली. स्थानिक संस्थेने चालवलेली, इंग्रजी माध्यमाची, राज्य मंडळाची, पहिली ते दहावी. पालकांमध्ये ऊस लावणारे शेतकरी, बाजारपेठेतले दुकानदार, साखर कारखान्यातले कामगार, एसटीतले कर्मचारी आणि बरेचसे जिल्हा परिषदेचे शिक्षक. बहुतेक घरांत इंग्रजी फक्त वहीत असतं, बोलण्यात नाही. शाळेची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, प्रसंगांचा क्रम मात्र तसाच आहे. मी तिथे शिक्षक प्रशिक्षणाच्या निमित्ताने जात असे, त्यामुळे बैठकांना हजर होतो.

गावात या शाळेचं नाव अक्षरासाठी होतं. ‘त्या शाळेच्या पोराची वही बघा’ असं लोक कौतुकाने म्हणत. प्रवेशाच्या दिवसांत ऑफिसबाहेरच्या फळ्यावर तिसरी-चौथीच्या मुलांच्या कर्सिव्हमधल्या, म्हणजे अक्षरं एकमेकांना जोडून लिहिलेल्या इंग्रजीच्या, वह्या लावल्या जात आणि त्या बघून फॉर्म नेणारे पालक खरोखर होते. यात हसण्यासारखं काही नाही. घरात कुणालाच इंग्रजी येत नसेल, तर शाळा काय शिकवते हे पालकाला तपासता येतं ते दोनच गोष्टींवरून: पोरगं पाहुण्यांसमोर काय बोलून दाखवतं आणि वहीत अक्षर कसं दिसतं.

पद्धत अशी होती. बालवर्गात आणि पहिलीत सुटी अक्षरं. दुसरीत जूनपासून चार रेघी कर्सिव्हची छापील वही, आठवड्याला 3 तासिका. दिवाळीनंतर इंग्रजीतलं सगळं लिखाण कर्सिव्हमध्येच करायचं: गृहपाठ, वर्गपाठ, चाचणी, सगळं. त्याच वर्षी मराठीही जोरात सुरू असते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे दुसरीतलं मूल एका तासाला काना-मात्रा-वेलांटी घालत असतं आणि पुढच्या तासाला इंग्रजी अक्षरं जोडत असतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. इंग्रजीची छापील अक्षरं लहान-मोठी मिळून 52, कर्सिव्हची आणखी 52, शिवाय अख्खी बाराखडी. हे सगळं सात वर्षांच्या हाताला वर्षभरात सांभाळायचं, आणि याची बेरीज शाळेत कुणी कधी मांडलेली नव्हती. इंग्रजीच्या टीचर वेगळ्या, मराठीच्या वेगळ्या, प्रत्येकीपुढे आपापलीच वही.

अडचण

दिवाळीनंतरची घटक चाचणी. जूनमध्ये जि.प. शाळेतून आलेल्या एका मुलाने इंग्रजीचा पेपर सुट्या अक्षरांत लिहिला होता. उत्तरं जवळपास सगळी बरोबर, तरी 20 पैकी 13. वर लाल पेनाने शेरा: कर्सिव्हमध्ये लिहा.

पेपर दाखवायच्या दिवशी त्याची आई वर्गशिक्षिकेपुढे बसली. त्या अंगणवाडी सेविका, लहान मुलांच्या शिकण्याबद्दल कानावर बरंच पडलेलं. त्यांनी आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, “मॅडम, उत्तर बरोबर आहे ना? मग मार्क कशाचे गेले?”

टीचरनी नियम दाखवला. नियम खराच होता. वर्षाच्या सुरुवातीला डायरीत छापलेला, पालकांची सही घेतलेला. पण त्या प्रश्नाला नियम हे उत्तर होत नव्हतं, आणि मला वाटतं टीचरनाही ते जाणवलं असावं. कारण त्याच दिवशी त्या स्वतः तो पेपर घेऊन प्रिन्सिपल मॅडमकडे गेल्या.

आईंनी अर्ज दिला. आणखी दोन पालकांनी त्यावर सह्या केल्या. अर्जाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला आणि मग दोन तट पडले. एकांचं म्हणणं, मोबाइलच्या जमान्यात हे कर्सिव्ह हवंय कशाला. दुसऱ्यांचं म्हणणं, अक्षर वळवायचंच नसेल तर आम्ही फी कशाची भरतो.

वह्या समोर ठेवल्यावर

प्रिन्सिपल मॅडमनी लगेच बैठक बोलावली नाही, हे बरं झालं. त्यांनी आधी दुसरी, चौथी, सातवी आणि दहावीच्या वह्या आणि पेपर मागवले. दोन टीचर आणि मी दुपारभर ते बघत बसलो.

दुसरीच्या वह्यांत पहिली गोष्ट नजरेत भरली ती अशी की एकाच मुलाची दोन वेगवेगळी इंग्रजी दिसत होती. गणिताच्या वहीत शाब्दिक उदाहरणाचं उत्तर तो सुट्या अक्षरांत, पूर्ण वाक्यात, बऱ्यापैकी शुद्ध लिहीत होता. गणिताच्या टीचरनी कर्सिव्हचा आग्रह धरलेला नव्हता. इंग्रजीच्या वहीत त्याच आठवड्यात त्याचीच वाक्यं तीन-चार शब्दांची झालेली. लिहायला वेळ लागतो म्हणून मूल थोडक्यात आटपत होतं. हे बऱ्याच वह्यांत होतं.

दुसरी गोष्ट ‘माय मम्मी’ या पाच ओळींच्या निबंधात सापडली. इंग्रजीत मम्मी लिहिताना एमच्या तीन कमानी, मग यूचे दोन खळगे, पुन्हा एम, पुन्हा एम, शेवटी वाय. सुट्या अक्षरांत प्रत्येक अक्षर स्वतंत्र उभं असतं, मूल चुकत नाही. कर्सिव्हमध्ये ती सलग लाट होते आणि मोजता मोजता मुलाची गणती हरवते. एका वहीत मम्मीच्या लाटेला दोन कमानी कमी, दुसऱ्या वहीत तीन जास्त. टीचरनी दोन्हीकडे स्पेलिंगची चूक म्हणून गोल केला होता. त्या मुलांना स्पेलिंग विचारलं तर घडाघडा सांगत होती.

तिसरी गोष्ट जोडाची. कर्सिव्हमधली बहुतेक अक्षरं खालच्या रेघेवरून पुढच्या अक्षराला जाऊन मिळतात. बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू ही चार मात्र वरून जोडली जातात. त्यामुळे ‘ब्रेड’ किंवा ‘ब्राऊन’ लिहिताना बी संपतो तिथूनच, वरच्या बाजूनेच, आर सुरू करावा लागतो, आणि छापील तक्त्यात शिकलेला आर तिथे बसतच नाही. मुलं मग बीची शेपटी खाली आणायची, तिथून नवा आर काढायची, आणि तो शब्द ‘ब्लेड’सारखा काहीतरी दिसायचा. आम्ही कर्सिव्हची छापील वही उघडली. सुरुवातीची 26 पानं सुट्या कर्सिव्ह अक्षरांची, त्यानंतर थेट शब्द. दोन अक्षरांमधला जोड शिकवणारं एकही पान नाही. कर्सिव्ह म्हणजे मुळात जोड, आणि वर्षानुवर्षं शाळा जोड सोडून बाकी सगळं शिकवत होती. वळण, तिरकेपणा, गोलाई यांवर शेरे होते. मुलं जोड कुठून काढतात, याकडे लक्ष गेलेलं नव्हतं.

पण सगळं एका बाजूचं नव्हतं. एक मुलगी सुट्या अक्षरांत बी आणि डी सतत उलटसुलट करत असे. कर्सिव्हमध्ये हा गोंधळ जवळजवळ थांबला होता, कारण तिथे दोन्ही अक्षरांची सुरुवात आणि हाताची चाल वेगळी आहे, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप राहत नाही. आणखी काही मुलांच्या बाबतीत शब्दांमधलं अंतर सुधारलेलं दिसत होतं. सुटं लिहिताना एका शब्दाची अक्षरं कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे सुरू झाली हे कळायचं नाही, जोडून लिहिल्यावर शब्द आपोआप एकत्र राहत होता.

मग सातवी आणि दहावी. दुसरीत इतका घाम गाळून बसवलेलं शुद्ध कर्सिव्ह दहावीच्या सराव परीक्षेत फार थोड्यांकडे उरलं होतं. बहुतेकांचं अक्षर मिसळीचं: सोपे जोड ठेवलेले, अवघड सोडून दिलेले, एस आणि झेड सुटे, मोठी अक्षरं छापील. अमेरिकेत चौथी ते नववीच्या मुलांवर 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं मिसळीचं लिहिणारी मुलंच निव्वळ सुटं किंवा निव्वळ जोडून लिहिणाऱ्यांपेक्षा वेगात पुढे दिसली होती. म्हणजे आमच्या दहावीतल्या मुलांनी कुणी न सांगता आपला मार्ग काढला होता. जाता जाता सांगतो, दुसरीच्या ज्या टीचर कर्सिव्हच्या सर्वांत कडक, त्यांच्या स्वतःच्या टाचण वहीतलं अक्षरही मिसळीचंच होतं. हे त्यांनीच हसत दाखवलं.

बैठक

बैठकीला संस्थेचे अध्यक्ष, प्रिन्सिपल मॅडम, प्राथमिकच्या टीचर, पालक-शिक्षक संघाचे सदस्य आणि अर्ज देणाऱ्या आई होत्या.

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी मोडीपासून सुरुवात केली. मोडी हीसुद्धा हात न उचलता, भराभर लिहायची लिपी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली लिहीत सुटायचं. छपाईला बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, सोयीची, म्हणून मोडी मागे पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही गेली. “परिणाम काय झाला?” ते म्हणाले. “2023 ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि आपल्याच आज्याचं नाव वाचायला आपल्याला मोडीचा जाणकार शोधावा लागला. उद्या या पोरांना आपल्या बापाचं इंग्रजी पत्र वाचता यायचं नाही.”

मुद्दा वजनदार होता आणि खोलीत शांतता पसरली. त्यावर चौथीच्या टीचर म्हणाल्या, “सर, पण तुम्ही वाचण्याचं सांगताय. आपण मार्क कापतोय ते लिहिण्याचे.” त्या बैठकीतलं हे सर्वांत कामाचं वाक्य. वाचता येणं आणि लिहिता येणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिल्याला फार थोडा वेळ लागतो, हे तिथून सगळ्यांच्या ध्यानात आलं.

एका पालकाने फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला: कर्सिव्हने मेंदूचा विकास होतो, नॉर्वेत सिद्ध झालं. तो अभ्यास खरा आहे. ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातला, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला. पण त्यात 36 विद्यापीठीय विद्यार्थी होते, आणि तुलना हाताने लिहिणं आणि कीबोर्डवर टाइप करणं यांच्यात होती. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचा मेळ जास्त दिसला. सुट्या अक्षरांशी तुलना त्यात नव्हतीच. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लिहाय-वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर 2012 साली झालेल्या कामात, मुलांनी स्वतःच्या हाताने अक्षर काढल्यावर वाचनाशी संबंधित मेंदूचे भाग जागे झाले. ती अक्षरं सुटी होती. म्हणजे हाताने लिहिण्याच्या बाजूने पुरावा चांगला आहे, पण तो पुरावा कर्सिव्हच्या खात्यात जमा करता येत नाही.

याउलट ‘मोबाइलच्या जमान्यात कशाला’ हेही तिथे टिकलं नाही. एक वडील स्पर्धा परीक्षेची तयारी केलेले. ते म्हणाले, दहावीचा इंग्रजीचा पेपर 80 गुणांचा, 3 तासांचा, हातानेच लिहायचा. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली. आपल्या मुलांना पुढची निदान पंधरा वर्षं हाताने आणि वेगाने लिहावं लागणारच आहे. हे बरोबर होतं. फिनलंडने 2016 पासून कर्सिव्ह सक्तीतून काढलं, हे उदाहरण कुणीतरी दिलं, पण तिथल्या परीक्षा आपल्यासारख्या नाहीत. अमेरिकेचा प्रवास तर उलटसुलट झाला. 2010 मध्ये बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या सामाईक अभ्यासक्रमात कर्सिव्हचा उल्लेखच नव्हता, आणि नंतर एकेक राज्य ते परत आणू लागलं. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या टप्प्यात ते पुन्हा घातलं. परदेशाकडे बोट दाखवून कोणत्याही बाजूने जिंकता येतं, एवढंच त्यातून दिसलं.

पर्याय

बैठकीपुढे शेवटी चार पर्याय राहिले.

पहिला, आहे तसं चालू ठेवायचं आणि फक्त बाहेरून आलेल्या मुलांना एक वर्ष सूट द्यायची. संस्थेला हा सोयीचा. पण अडचण फक्त बाहेरून आलेल्या मुलांची नाही हे वह्यांनी दाखवलं होतं. शिवाय एका वर्गात दोन नियम ठेवले की सूट मिळालेलं मूल ‘कच्चं’ ठरतं.

दुसरा, कर्सिव्ह बंद. तरुण टीचर याच बाजूच्या होत्या. यात बी-डीचा गोंधळ होणाऱ्या त्या मुलीसारख्यांचं काय, आणि सीनियर टीचरनी फळ्यावर लिहिलेलं मुलं वाचणार कशी, हे प्रश्न सुटत नव्हते. आणि अध्यक्षांची सही मिळणार नव्हती, हेही सांगायला हवं.

तिसरा पर्याय मला वैयक्तिकरीत्या सर्वांत विचार करण्यासारखा वाटला: पहिलीपासून थेट कर्सिव्हच. फ्रान्समध्ये मुलं लहानपणापासून जोडूनच लिहायला शिकतात. वाचतात छापील, लिहितात कर्सिव्ह. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात दुसरीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात एकामागून एक अशा दोन्ही शैली शिकलेली मुलं मागे राहिलेली दिसली, एकच शैली धरून चाललेली मुलं पुढे. म्हणजे खरी किंमत मोजावी लागते ती मध्येच गाडी बदलायची, आणि आपल्याकडच्या इंग्रजी शाळा नेमकी तीच बदलतात. पण फ्रेंच मूल घरी ऐकलेली भाषा लिहीत असतं. आमच्या गावातलं मूल इंग्रजी शब्द पहिल्यांदा भेटतं ते छापील पुस्तकातच. जे वाचतो तेच लिहितो, हा त्याचा एकमेव आधार. तोच पहिलीत काढून घ्यायचा का? शिवाय बालवर्ग चालवणारी संस्था वेगळी, तिथे सुटी अक्षरं शिकवून पाठवतात. पर्याय बाजूला पडला.

चौथा, पुढे ढकलायचं. दुसरी-तिसरीत सुटी अक्षरं पक्की करायची, वेग येऊ द्यायचा. तिसरीत फक्त कर्सिव्ह वाचायला शिकवायचं. चौथीत लिहायला शिकवायचं, तेही जोडांपासून सुरुवात करून, आणि पहिलं सत्र संपल्यावर कोणत्या अक्षरात लिहायचं हे मुलावर सोडायचं. मार्क कुठेच कापायचे नाहीत. पेपर वाचता आला पाहिजे, एवढीच अट.

निर्णय आणि अंमलबजावणी

चौथा पर्याय मंजूर झाला. अध्यक्षांनी एक अट घातली: वार्षिक हस्ताक्षर स्पर्धा चालू राहील. प्रिन्सिपल मॅडमनी ती मान्य करताना तीत मराठी, सुटं इंग्रजी आणि कर्सिव्ह असे तीन गट करून घेतले. सगळ्यांचा मान राहिला.

मार्क कापणं त्याच आठवड्यात थांबवता आलं असतं. पण ‘वर्षाच्या मध्ये नियम बदलला तर आधी कापलेल्यांचं काय’ या शंकेवर तो बदल जूनपर्यंत लांबला. त्या मुलाच्या पेपरचे मार्क मात्र बदलून दिले. तेव्हा बाकीच्या पालकांनी आपापल्या मुलांचे पेपर बाहेर काढले आणि दोन आठवडे ऑफिसात तेच चाललं होतं.

वह्यांचा प्रश्न वेगळाच निघाला. पुढच्या वर्षाच्या छापील वह्यांची मागणी मार्चमध्ये जाते, शाळेचं नाव छापून येतं, आणि या वर्षीची मागणी निर्णयाच्या आधीच गेलेली होती. दुसरीच्या कर्सिव्ह वह्या आल्याच. त्या चौथीला दिल्या. वहीत जोड नव्हतेच, म्हणून दोन टीचरनी स्वतः सहा पानं तयार करून झेरॉक्स केली: खालून जोड, वरून जोड, परत फिरून येणारा जोड, आणि जिथे जोडूच नये अशी अक्षरं. ही सहा पानं या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत मोलाचं काम वाटतं. दुसरीतल्या 3 तासिकांपैकी एक सुट्या अक्षराच्या वेगाला राहिली आणि दोन वाक्य लिहायला दिल्या.

जूनमध्ये परिपत्रक निघालं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, ‘दुसरीच्या वर्गात कर्सिव्ह लेखन बंद करण्यात येत आहे.’ चौथीत ते सुरू होणार असल्याचं खाली चौथ्या ओळीत. फोटोत वरच्या दोनच ओळी आल्या आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की शाळेने अक्षर शिकवणं सोडलं.

दोन वर्षांनंतर

काही पालकांनी उन्हाळ्यात मुलांना अक्षर सुधार वर्गात घातलं. दोघा-तिघांनी शाळा बदलली, त्याला हेच एक कारण होतं असं म्हणता येणार नाही. प्रवेशाच्या फळ्यावर आता तिसरीच्या मुलांनी लिहिलेल्या छोट्या गोष्टी लागतात. अजूनही काही पालक विचारतात, कर्सिव्हचं काय झालं.

दुसरी-तिसरीच्या इंग्रजी वह्यांत वाक्यं लांब झाली हे दोन्ही वर्गशिक्षिका सांगतात आणि वह्या बघून मलाही तसंच वाटलं. त्याचं श्रेय निव्वळ कर्सिव्ह काढल्याला देता येणार नाही, कारण त्या दोन तासिका आता लेखनालाच मिळत होत्या. चौथीत शिकलेलं कर्सिव्ह काही आठवड्यांतच बसलं. दुसरीत जे वर्षभर चालायचं ते इतकं लवकर झालं, याचं टीचरनाच आश्चर्य वाटलं. हात तयार होता, स्पेलिंग पाठ होतं, आणि जोड पहिल्यांदाच नीट शिकवले होते. पहिल्या सत्रानंतर मुभा मिळाल्यावर साधारण निम्मा वर्ग कर्सिव्हवर राहिला, बाकीचे मिसळीवर आले. ज्यांना दहावीत जे करायचं होतं ते त्यांनी चौथीतच केलं, एवढाच फरक.

बी-डीचा गोंधळ होणाऱ्या मुलीला तिसरीत कर्सिव्ह चालू ठेवायची परवानगी दिली. नियम सगळ्यांना सारखा असावा म्हणून काहींनी कुरकुर केली, पण टीचर ठाम राहिल्या.

अडचण आली पाचवीत, आणि ती निर्णय झाला त्याच वर्षी आली, खालच्या वर्गातून येणाऱ्या मुलांमुळे नाही. पाचवीला नव्याने प्रवेश घेणारी, सेमी-इंग्रजीतून आलेली मुलं इतिहासाच्या सरांचं फळ्यावरचं कर्सिव्ह वाचू शकत नव्हती. हे दरवर्षीच होत असणार, पण आता त्याला नाव मिळालं होतं. तिसरीसाठी केलेलं कर्सिव्ह वाचनाचं साहित्य पाचवीतल्या नव्या मुलांनाही दिलं. दोन आठवड्यांत काम झालं. सरांनी अक्षर बदललं नाही.

आणि तो मुलगा. सुट्या अक्षरांत लिहायची मुभा मिळाली तरी त्याचं लिखाण हळूच राहिलं. पेन्सिल घट्ट दाबून धरायचा, पाच-सहा ओळींनंतर हात झटकायचा, मराठीच्या वहीतही ओळ रेघ सोडून वर-खाली. तिसरीच्या शेवटी टीचरनी आईंना बोलावून तपासणी करून घ्यायला सुचवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन ती झाली आणि लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचं कळलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा मुलांना वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात. शाळेने आतापासूनच त्याला चाचणीत जादा वेळ द्यायला सुरुवात केली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मार्कांचा प्रश्न आणि कर्सिव्हचा प्रश्न पहिल्याच दिवशी वेगळे करता आले असते. इंग्रजीच्या पेपरात इंग्रजी तपासायचं आणि अक्षर हस्ताक्षराच्या तासाला, हे ठरवायला ना बैठक लागत होती ना जून. ते प्रिन्सिपल मॅडमच्या अधिकारात होतं. तसं झालं असतं तर गावात वाद पेटला नसता आणि कर्सिव्हवर निवांत बोलता आलं असतं.

निर्णयाआधी प्रत्येक मुलाकडून एक पान ठेवून घ्यायला हवं होतं: पाच मिनिटांत सुटं किती लिहिलं, जोडून किती. वह्या बघून मत बनलं, पण दोन वर्षांनंतर तुलनेला हातात काही नव्हतं. ‘वाक्यं लांब झाली’ हे आज टीचरच्या आठवणीवरच उभं आहे. अध्यक्षांनी तसं बोलूनही दाखवलं, आणि त्यांचं चुकलं नाही.

मराठीच्या टीचर बैठकीला नव्हत्या. हात एकच, वही मात्र दोन विषयांची, आणि चर्चा फक्त इंग्रजीची झाली. मराठीच्या टीचरना विचारलं असतं तर त्या मुलाच्या ओळी वर-खाली जातात हे दुसरीतच पुढे आलं असतं. ती माहिती त्यांच्याकडे होती. सगळे त्याच्या कर्सिव्हकडे बघत होते, त्यामुळे त्याचं हळू लिहिणं हा बंडखोरपणा किंवा जि.प. शाळेचा वारसा वाटत राहिला, आणि कर्सिव्ह काढल्यावर तर प्रश्न मिटलाच असं धरलं गेलं. वर्ष गेलं.

यंदा जूनमध्ये दुसरीत येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मराठी आणि इंग्रजी, दोन्हीचं एकेक पान लिहून घ्यायचं ठरलं आहे. दोन्ही टीचरनी ती एकत्र बसून बघायची. छापील कर्सिव्ह वह्यांची मागणी यंदाही मार्चमध्ये गेली, पण फक्त चौथीसाठी, आणि प्रकाशकाला ती सहा पानं सोबत पाठवली आहेत. पुढच्या आवृत्तीत घालतो म्हणालाय.